हिंसाग्रस्त स्त्रीचा वकील : फी कोण भरतो?

आरोग्यविषयक लेखांमध्ये वकिलाच्या फीचा विषय कशाला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. त्याचे उत्तर आमच्या ओपीडीतच मिळते. कानाचा पडदा फाटलेला असतो, मनगटाचे हाड मोडलेले असते, दंडावर बोटांचे वळ असतात आणि केसपेपरवर लिहिलेले असते ‘न्हाणीघरात पाय घसरून पडल्या’. कित्येकदा वरवर इजा काहीच दिसत नाही. महिनोन्‌महिने डोके दुखते, झोप लागत नाही, पोटात कळा येतात, रक्तदाब औषधांना दाद देत नाही. तपासण्या मात्र सगळ्या नॉर्मल येतात.

प्लास्टर घालता येते, झोपेची गोळी देता येते. पण आजाराचे कारण घरात बसलेले असेल तर ते आमच्या औषधाने जात नाही. मलेरियाच्या रुग्णाला गोळ्या देऊन पुन्हा डासांच्या डबक्याशेजारी झोपायला पाठवावे, तसाच हा प्रकार आहे. इथले डबके बुजवण्याची साधने बहुतेक कायद्याच्या हातात असतात : संरक्षणाचा आदेश, घरात राहण्याचा हक्क, पोटगी, मुलांचा ताबा. ती मिळवायची तर वकील लागतो, आणि वकिलाला फी लागते.

स्त्रियांवरील हिंसा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे, हे जागतिक आरोग्य परिषदेने १९९६ च्या ठरावात मान्य केले. आपल्याकडच्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) १८ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली आहे. याच पाहणीत, हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम १४ टक्क्यांनी कोणाकडे तरी मदत मागितल्याचे आढळले. मदत न मागण्याची कारणे अनेक असतात. त्यातले एक अगदी साधे असते : ‘कोर्टकचेरी आपल्याला परवडायची नाही.’

ती परवडावी म्हणून समाजाने आणि सरकारने वेळोवेळी काय केले, आणि पैसा कुठून आला, याचा इतिहास आपण या लेखात पाहू.

<b>वर्गणीतून लढलेला खटला</b>

सुरुवात एका डॉक्टरपासूनच करू. त्या वेळी त्या डॉक्टर झालेल्या नव्हत्या.

रखमाबाईंचे लग्न त्यांच्या वयाच्या अकराव्या वर्षी झाले. त्या मुंबईत आपले सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरीच राहिल्या. १८८४ मध्ये नवरा दादाजी भिकाजी यांनी पत्नीने नांदायला यावे म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. पण अपिलानंतर प्रकरण परत आले आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांचा आदेश झाला : नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. अखेर १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींना २००० रुपये मिळाले आणि दावा मिटला.

हे मारहाणीचे प्रकरण नव्हते. तरीही नको असलेल्या संसारात ढकलले जाण्याविरुद्ध कोर्टात उभे राहिलेल्या स्त्रीचे ते होते. आपल्या विषयासाठी त्यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे खर्च. त्यासाठी मुंबईत ‘रखमाबाई बचाव समिती’ स्थापन झाली. एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य वर्ड्‌स्वर्थ आणि पत्रकार बेहरामजी मलबारी यांच्यासारखी मंडळी तिच्यामागे होती. पुढे रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि त्यांनी सुरत व राजकोट येथे दीर्घकाळ रुग्णसेवा केली.

रखमाबाईंकडे शिक्षण होते, डॉक्टरचे घर होते, वर्तमानपत्रात लिहिण्याची ताकद होती आणि शहरातले प्रतिष्ठित पाठीराखे होते. ज्या बाईकडे यातले काहीच नाही, तिच्यासाठी वर्गणी कोण गोळा करणार? पुढचा सगळा इतिहास म्हणजे या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची धडपड आहे.

<b>ती फक्त साक्षीदार</b>

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. बलात्काराच्या खटल्यात सरकारी वकील असतोच, मग पीडितेला वेगळा वकील कशाला, असे अनेकांना वाटते.

फौजदारी खटला ‘सरकार विरुद्ध आरोपी’ असा असतो. सरकारी वकील सरकारची बाजू मांडतो. पीडित स्त्री त्यात साक्षीदार असते. आरोपीचा वकील तिची उलटतपासणी घेतो, तेव्हा तिच्या बाजूने उभे राहणारे तिचे स्वतःचे कोणी नसते. जबाब कसा नोंदवतात, वैद्यकीय तपासणीला नकार देता येतो का, अहवालाची प्रत मिळते का, हे तिला सांगणारे कोणी नसते. कौटुंबिक हिंसेत तर प्रश्न आणखी वेगळा. पोटगी, घर आणि मुले हे दिवाणी स्वरूपाचे विषय आहेत. तिथे सरकारी वकील नसतोच.

याचे परिणाम काय होतात, हे ‘मथुरा प्रकरण’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खटल्याने दाखवून दिले. मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन, अनाथ आदिवासी मजूर मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप होता. सत्र न्यायालयाने त्यांना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी धरले. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष ठरवले. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या आणि तिला आधीपासून शरीरसंबंधांची सवय होती, या वैद्यकीय नोंदी तिच्याविरुद्ध गेल्या. जखम नाही म्हणजे जबरदस्ती नाही, हा निष्कर्ष वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने चुकीचा आहे. भीतीने माणूस गोठतो. प्रतिकार करता आला नाही तर जखम होईलच असे नाही. पण हे न्यायालयाला ठासून सांगणारे तिच्या बाजूला कोण होते?

सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून देशभर आंदोलन उभे राहिले आणि १९८३ मध्ये बलात्काराच्या कायद्यात बदल झाले. पत्नीच्या छळाविरुद्धचे ४९८-अ कलमही त्याच वर्षी आले. पाठोपाठ १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेने स्त्रिया व मुलांसाठी ‘विशेष कक्ष’ सुरू केला. पोलिसांच्या आवारातच प्रशिक्षित समाजसेविका बसू लागली. पुढे राज्याच्या महिला व बालविकास विभागाने ही व्यवस्था स्वीकारून जिल्ह्याजिल्ह्यांत नेली.

<b>मोफत वकिलाचा हक्क</b>

याच सुमारास दुसऱ्या बाजूने मोफत कायदेशीर मदतीचा विचार आकार घेत होता. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत ३९-अ हे कलम आले : पैशाअभावी कोणीही न्यायापासून वंचित राहू नये, म्हणून सरकारने मोफत कायदेशीर साहाय्य द्यावे. त्याला मूर्त रूप देणारा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ मध्ये संमत झाला. पण तो अमलात यायला ९ नोव्हेंबर १९९५ उजाडले.

या कायद्याच्या १२ व्या कलमात एक मोलाची तरतूद आहे, ती मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. इतर अनेकांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची मर्यादा लागू होते. स्त्रिया आणि बालकांना ती लागू नाही. बाई नोकरी करणारी असो, नवरा श्रीमंत असो, तिला मोफत वकील मागण्याचा हक्क आहे. याच कायद्याने राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा अशा तिन्ही पातळ्यांवर विधी साहाय्य निधी निर्माण केले. म्हणजे वर्गणीची जागा सरकारी अनुदानाने घेतली.

<b>१९९४ : एक कायदा, एक निकाल</b>

१९९४ च्या शरद ऋतूत, जेमतेम पाच आठवड्यांच्या अंतराने, जगाच्या दोन टोकांना दोन घटना घडल्या.

१३ सप्टेंबर १९९४ रोजी अमेरिकेत अध्यक्ष क्लिंटन यांनी स्त्रियांवरील हिंसेविरुद्धच्या कायद्यावर सही केली. सहा वर्षांसाठी सुमारे १६० कोटी डॉलरची तरतूद त्यासाठी मंजूर झाली होती.

१९ ऑक्टोबर १९९४ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘दिल्ली डोमेस्टिक वर्किंग विमेन्स फोरम’ खटल्याचा निकाल दिला. रांचीहून दिल्लीला रेल्वेने येणाऱ्या घरकामगार स्त्रियांवर लष्करी जवानांनी अत्याचार केल्याचे हे प्रकरण होते. न्यायालयाने सांगितले :

- पीडितेला अगदी पोलीस ठाण्यापासून वकिलाची मदत मिळावी.
- प्रश्न विचारण्यापूर्वी पोलिसांनी तिला या हक्काची माहिती द्यावी आणि तशी नोंद करावी.
- अशा कामाला तयार असलेल्या वकिलांची यादी पोलीस ठाण्यात असावी.
- नुकसानभरपाईसाठी मंडळ स्थापन करावे.

विचाराच्या दृष्टीने आपला निकाल कोठेही कमी नव्हता, किंबहुना काकणभर सरसच होता. फरक एवढाच की तिकडे हक्काबरोबर पैसा आला, आणि इकडे निकालाला जोडून अंदाजपत्रकातली रक्कम आली नाही.

<b>अनुदान नेमके काय करते</b>

अमेरिकेतही सगळे एका दमात झाले नाही. १९९४ च्या अनुदानाचा भर पोलीस, सरकारी वकील आणि पीडितांसाठीच्या सेवांवर होता. थोड्याच वर्षांत लक्षात आले की आरोपीला अटक झाली तरी बाईचे घर, मुले आणि पोटगी हे प्रश्न तसेच राहतात. म्हणून १९९८ मध्ये दिवाणी कायदेशीर मदतीसाठी स्वतंत्र अनुदान सुरू झाले. २००० च्या कायद्याने त्याला पक्के स्थान दिले आणि वर्षाला ४ कोटी डॉलरपर्यंतची तरतूद मंजूर केली. हा पैसा स्वयंसेवी संस्था, विधी साहाय्य केंद्रे आणि विद्यापीठांची विधी केंद्रे यांना स्पर्धात्मक पद्धतीने दिला जातो.

डॉक्टर म्हणून मला अनुदानामागच्या अटी जास्त महत्त्वाच्या वाटतात. अमेरिकेतील राज्यांना हा पैसा हवा असेल, तर बलात्कारपीडितेच्या न्यायवैद्यकीय तपासणीचा खर्च तिच्या माथी मारता येत नाही. संरक्षण आदेशाच्या अर्जासाठी तिच्याकडून फी घेता येत नाही. नुसत्या उपदेशाने न हलणारी यंत्रणा पैशाच्या अटीने हलली.

याचा उपयोग झाला का? एमी फार्मर आणि जिल टिफेंथेलर या अर्थतज्ज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, १९९० च्या दशकात अमेरिकेतील कौटुंबिक हिंसा का कमी झाली याचा शोध घेतला. त्यांना तीन घटक महत्त्वाचे आढळले : स्त्रियांची सुधारलेली आर्थिक स्थिती, लोकसंख्येतील वाढते वय आणि कायदेशीर सेवांची वाढलेली उपलब्धता. असा अभ्यास सहसंबंध दाखवतो, कार्यकारणभाव शंभर टक्के सिद्ध करत नाही, हे लक्षात ठेवावे. तरीही त्यामागचा तर्क सरळ आहे. निवारागृह काही रात्रींची सोय करते. पोटगी आणि घराचा हक्क मिळाला तर त्या घरी परत न जाण्याचा पर्याय मिळतो.

बोस्टनचे एक उदाहरण आपल्या क्षेत्रातले आहे. तिथल्या सार्वजनिक रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञ बॅरी झुकरमन यांनी १९९३ मध्ये रुग्णालयातच वकील नेमला. बुरशी लागलेल्या घरात राहणाऱ्या मुलांचा दमा औषधांनी आटोक्यात येईना, आणि घरमालक दुरुस्ती करेना. त्यावर उपाय वकिलाचे पत्र हा होता! डॉक्टर आणि वकील यांनी एका छपराखाली काम करण्याची ही पद्धत पुढे तिथल्या अनेक रुग्णालयांत रुजली.

<b>वांद्र्याचा ‘दिलासा’</b>

आपल्याकडेही अशी सुरुवात झाली आणि ती मुंबईत झाली. सन २००० मध्ये वांद्र्याच्या महापालिकेच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ हे केंद्र उघडले. मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ ही आरोग्यक्षेत्रातील संशोधन संस्था यांचा हा संयुक्त उपक्रम. कल्पना अशी की पोलीस ठाण्याची पायरी न चढणारी बाई जखमेवर पट्टी करायला दवाखान्यात मात्र येते. मग तिला तिथेच गाठावे. परिचारिका व डॉक्टरांना प्रशिक्षण द्यावे, संशय आला की रुग्णेला समुपदेशकाकडे पाठवावे, आणि गरजेप्रमाणे कायदेशीर सल्ल्याची वाट दाखवावी.

दुसरे केंद्र २००६ मध्ये कुर्ल्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झाले. पुढे राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियानाच्या निधीतून मुंबईतील आणखी रुग्णालयांत ते पसरले. प्रयोग म्हणून सुरू झालेले काम आरोग्य खात्याच्या अंदाजपत्रकात शिरले, म्हणून ते टिकले. ही बाब नोंद घेण्यासारखी आहे.

<b>कायदा आला, पैसा मागे राहिला</b>

कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५ मध्ये संमत झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. स्त्रीला घरात राहण्याचा हक्क, संरक्षण आदेश, आर्थिक साहाय्य हे सर्व एका अर्जात मागता येऊ लागले. पहिली सुनावणी साधारणपणे ३ दिवसांत आणि निकाल शक्यतो ६० दिवसांत, असे कायदा सांगतो. मोफत वकिलाच्या हक्काची माहिती तिला देणे पोलीस, संरक्षण अधिकारी आणि दंडाधिकारी यांच्यावर बंधनकारक आहे.

या कायद्याचा कणा म्हणजे संरक्षण अधिकारी. अर्ज भरून घेणे, वैद्यकीय तपासणी घडवणे, मोफत वकील मिळवून देणे ही कामे त्याची. पण अनेक राज्यांनी त्यासाठी नवी पदे भरली नाहीत. आधीच कामाच्या ओझ्याखाली असलेल्या अधिकाऱ्यांच्या गळ्यात हा ‘अतिरिक्त कार्यभार’ बांधला. परिणाम व्हायचा तोच झाला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना पुन्हा बजावावे लागले की जिल्हा व तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी नेमा, आणि मोफत वकिलाच्या हक्काचा प्रचार करा. म्हणजे कायदा होऊन तब्बल वीस वर्षांनी!

<b>२०१३ नंतर</b>

डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील घटनेनंतर चित्र बरेच बदलले.

- २०१३-१४ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात १००० कोटी रुपयांचा निर्भया निधी जाहीर झाला.
- २०१३ च्या कायदादुरुस्तीने लैंगिक अत्याचारपीडितेवर तातडीने आणि मोफत उपचार करणे सरकारी व खासगी अशा सर्व रुग्णालयांना बंधनकारक झाले. नकार देणे हा गुन्हा ठरला.
- महाराष्ट्राने ऑक्टोबर २०१३ मध्ये अर्थसाहाय्यासाठी ‘मनोधैर्य’ योजना सुरू केली. पुढे साहाय्याची मर्यादा वाढवून १० लाख रुपये करण्यात आली आणि अंमलबजावणी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे सोपवली गेली.
- मार्च २०१४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने वैद्यकीय तपासणीची नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली. अवैज्ञानिक आणि अपमानास्पद ‘टू फिंगर’ चाचणी त्यात बाद झाली.
- १ एप्रिल २०१५ पासून निर्भया निधीतून ‘सखी’ वन स्टॉप सेंटर सुरू झाली. उपचार, पोलीस मदत, समुपदेशन, कायदेशीर सल्ला आणि तात्पुरता निवारा हे सारे एका जागी मिळावे, हा हेतू. केंद्र रुग्णालयातच किंवा जवळपास असावे असे अपेक्षित आहे.

१९९४ च्या निकालात जे मागितले होते, त्यातले बरेच असे वीस वर्षांनी आकाराला आले. तेही तेव्हा, जेव्हा त्याला जोडून निधी आला.

<b>या इतिहासातून काय दिसते?</b>

१. हक्क लिहून ठेवणे ही पहिली पायरी. त्यामागे पद, पगार आणि जागा उभी राहिली तरच तो बाईपर्यंत पोचतो.

२. निधी जाहीर होणे आणि खर्च होणे यांत अंतर असते. निर्भया निधी बराच काळ न वापरता पडून राहिल्याची टीका संसदेतही झाली आहे. औषध आणून कपाटात ठेवले तर ताप उतरत नाही.

३. नुकसानभरपाई म्हणजे वकील नव्हे. रक्कम एकदा मिळते, खटला मात्र वर्षानुवर्षे चालतो. दर तारखेला तोच, तिची हकिकत माहीत असलेला वकील सोबत असणे याला पर्याय नाही. दीर्घ आजारात फॅमिली डॉक्टर जे काम करतो, तेच हे.

४. दवाखाना हे या साखळीचे पहिले टोक आहे. आम्ही केसपेपरवर काय लिहितो, जखमेचे माप, रंग आणि जागा नोंदवतो की नाही, ‘पडून लागले’ यावर थांबतो की एकांतात आणखी एक प्रश्न विचारतो, यावर पुढचा दावा उभा राहतो किंवा कोसळतो. मोफत मिळालेल्या उत्तम वकिलालाही कोरा केसपेपर पुरावा म्हणून वापरता येत नाही.

<b>हे जवळ ठेवा</b>

- महिला हेल्पलाइन : १८१
- मोफत कायदेशीर मदत (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) : १५१००
- तातडीची पोलीस मदत : ११२
- मुलांसाठी : १०९८
- जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय सहसा जिल्हा न्यायालयाच्या आवारात असते, तालुका समिती तालुका न्यायालयात. साधा अर्ज पुरतो. स्त्रीला उत्पन्नाचा दाखला लागत नाही.
- उपचार घेण्यासाठी आधी पोलीस तक्रार करण्याची गरज नाही. वैद्यकीय अहवालाची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्यावी.
- माझ्या व्यवसायबंधूंसाठी : कौटुंबिक हिंसेची रुग्णा आली आणि घटनेचा अहवाल आधी झालेला नसेल, तर २००६ च्या नियमांनुसार रुग्णालयाच्या प्रमुखाने तो नमुना भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो.

रखमाबाईंसाठी शहरातील प्रतिष्ठितांनी वर्गणी काढली. आज ती वर्गणी आपण सगळेच कररूपाने भरतो आहोत. त्या पैशातून मिळणारा वकील हे उपकार नाहीत, तो हक्क आहे. घरी कामाला येणाऱ्या मावशी, शेजारीण, बहीण यांपैकी कोणाला तरी हे एवढे एक वाक्य सांगितलेत, तरी हा लेख कामी आला असे समजेन.